चार लिटरला १२५ मिली

२० डिसेंबर

निवड चाचणीचं पत्र आलं. मेल सकाळी ११.१० ला आला होता, मी जेवणाच्या सुट्टीत पाहिला. नाशिकची कंपनी आहे, जमिनीच्या मोजणीसाठी माणसाविना उडणारी विमानं बनवते. जागा एकच: चाचणी अभियंता. १८ जानेवारी, सकाळी नऊ, टोकावड्याच्या अलीकडचा माळ. अटी: मॉडेल स्वतः बांधलेलं हवं, रिमोटवर चालणारं, पेट्रोल इंजिन २० ते ३० सीसी, सलग दहा मिनिटं उड्डाण, हवेत चार वेळा इंग्रजी आठ, मग आखलेल्या पट्ट्यात उतरणं. इंजिन सुरू करताना विमान धरून ठेवायला एक सहायक. त्याचं नाव आधी कळवायचं. १० जानेवारीनंतर नावात बदल नाही.

मी मुरबाडच्या एमआयडीसीत तपासणी विभागात चार वर्षं आहे. दिवसाला चारशे बुशिंग मोजते. खाली सही सुपरवायझर करतो. त्याला मायक्रोमीटर नीट धरताही येत नाही. ही जागा मला हवी आहे. हे एकदाच लिहिते.

विमान तयार आहे. पंख टोकापासून टोकापर्यंत २.१ मीटर, वजन इंजिनाशिवाय ४.८ किलो. सांगाडा बाल्सा लाकडाचा आणि प्लायचा, सगळा ओटीवर बसून केला. कॉलेजच्या क्लबात तीन वर्षं बॅटरीवरची विमानं उडवली आहेत. पेट्रोलचं हे पहिलंच. इंजिन अजून घ्यायचं आहे.

सहायक म्हणून अमोलचं नाव दिलं. चुलत भाऊ. लग्नांत ड्रोनवरून शूटिंग करतो. बोलतो फार, पण फिरत्या पात्यापासून बोटं लांब ठेवावीत एवढं त्याला कळतं. इथे शेणव्यात दुसरं कोण आहे?

२२ डिसेंबर

पर्याय दोन.

पहिला: बाहेरून येणारं, मॉडेलसाठीच बनवलेलं २० सीसी इंजिन. सायलेन्सर आणि इग्निशन धरून ९२० ग्रॅम. इग्निशनला वेगळी बॅटरी लागते. मुंबईच्या डीलरकडे एक शिल्लक आहे.

दुसरा: गवत कापायच्या मशीनचं २६ सीसी इंजिन. क्लच आणि दोरीचा स्टार्टर काढून, पुढे पात्यासाठी हब बसवून वापरतात. सुमारे दीड किलो. त्याच्यात चुंबक असतं, त्यामुळे इग्निशनची बॅटरी लागत नाही. जगभर लोक असं करतात. मी करणार नाही. परीक्षकांपुढे मी गवताचं मशीन घेऊन जाणार नाही.

कॅटलॉगवर मोठ्या अक्षरांत "गॅस" लिहिलंय. अमेरिकेत पेट्रोलला गॅस म्हणतात. अमोलने ते वाचलं आणि संध्याकाळपर्यंत नाक्यावर सगळ्यांना सांगून झालं, "शीतल गॅसवर इमान उडवनार." मी बसमधून उतरले तर चहावाल्याने विचारलं, सिलेंडर पंखात ठेवणार की पोटात. अमोल म्हणाला, "बघा बघा, नाव शीतल न् डोकं भट्टी."

घरी आई दारातच उभी होती. "गो, सिलेंडर एकच हाय घरात. तो नाय द्यायची मी."

"पेट्रोल आहे आई. नुसतं नाव गॅस."

"मंग पेट्रोल बोल ना."

"पेट्रोल. साधं पेट्रोल. झालं?"

टू-स्ट्रोक, ऑइल, प्रमाण हे सगळं तिला सांगत बसायला माझ्याकडे वेळ नाही. सांगितलं तरी चारचौघांत उलटंच सांगेल.

२४ डिसेंबर

सरळगावला धनेशकडे उतरले. धनेश गवत कापायची मशीनं दुरुस्त करतो. या भागात दिवाळीनंतर सगळं गवत मशीननेच कापतात, त्यामुळे आता त्याच्या दुकानात पाय ठेवायला जागा नाही. मला फक्त चार एमएमचे बोल्ट हवे होते.

त्याने बोल्ट दिले आणि म्हणाला, "मॅडम, एक इंजिन काढून ठेवलाय तुमच्यासाठी. पिस्टन रिंग नवी टाकली."

"मी मागितलं नव्हतं."

"नाय मागितला. बघून तर घ्या. दिवसभर उनात, धुरळ्यात चालतो हा. पडला, आपटला, तरी दोरी वढली का चालू. तुमचा तो बाहेरचा नाजूक असतो."

"नाजूक नाही. अचूक असतो."

"तोच बोलतो मी," असं म्हणून तो हसला.

त्याने विमानाच्या नाकाजवळच्या पाटीचं माप मागितलं. मी दिलं नाही. इंजिन बसवायची ती पाटी गेल्या महिन्यात त्याच्याच ड्रिलवर भोकं पाडून नेली होती हे नंतर आठवलं. या माणसाला दुसरी कामं नाहीत का? बस जाईपर्यंत तो रस्त्यापर्यंत आला होता, वॉशर द्यायचे राहिले म्हणून. वॉशर मी मागितले नव्हते.

पहिला पर्याय ठरवला. अमोल शुक्रवारी मुंबईला जातोय, तो आणेल.

२८ डिसेंबर

इंजिन आलं. खोक्यात, फोममध्ये, एकही ओरखडा नाही. सिलिंडरभोवतीच्या, उष्णता बाहेर टाकणाऱ्या चकत्यांमधलं अंतर मोजलं, सगळं सारखं. असं काम आमच्या कारखान्यात कधी होईल?

मिश्रण केलं. पांढरा पाच लिटरचा डबा, चार लिटरवर मार्करने रेघ. चार लिटर पेट्रोलला १२५ मिली ऑइल, म्हणजे बत्तीसास एक. ऑइल मोजपात्राने मोजलं. टू-स्ट्रोकमध्ये वंगणाला दुसरी सोय नसते. पेट्रोलबरोबर जे ऑइल आत जातं तेवढंच. ते नसेल तर लोखंड लोखंडावर घासतं.

बाकावर बांधून तीन टाक्या चालवल्या. बाबांचे बैल दावं तोडायला निघाले. बाबा बैलांना घेऊन खालच्या शेताकडे गेले. संध्याकाळी डबा रेघेपर्यंत परत भरला, तेच प्रमाण.

३ जानेवारी

आजपासून म्हशाची जत्रा. सकाळची बस अर्धी रिकामी, संध्याकाळची मिळालीच नाही. सगळ्या जीप म्हशाकडे लागलेल्या. मुरबाडहून घरी यायला आठ वाजले.

दुपारी फोन लॉकरमध्ये होता. तीन मिस्ड कॉल, तिन्ही आईचे. चहाच्या वेळी उलट फोन केला. मागे गोंधळ चालला होता, बायका मोठ्याने बोलत होत्या.

"गो, त्या पांढऱ्या डब्यात काय हाय? पेट्रोलच ना?"

"हो, पेट्रोलच. का?"

"अगो, हितं त्या बाईजाच्या..."

"आई, मी कामावर आहे. डब्याला हात लावू नकोस," म्हटलं आणि ठेवला. सुपरवायझर घड्याळ बघत उभा होता. तिला हजार वेळा सांगितलंय, कामावर फोन करायचा नाही.

४ जानेवारी

सुट्टी. इंजिन विमानावर बसवलं. चालवलं नाही, पुढच्या झाकणाचा रंग ओला आहे. तोल बरोबर, पंखाच्या पुढच्या कडेपासून ९.५ सेंटिमीटर.

शेजारच्या बाईजाकाकूच्या सुनेला काल शहापूरला मुलगी झाली. आई सकाळपासून त्यांच्याकडे. माझ्या जेवणाचं झाकून ठेवलं होतं.

पांढरा डबा दोन हात उजवीकडे सरकलेला, शिवाय पुसलेला. आईचंच काम. पातळी पाहिली: रेघेवर. तरी संध्याकाळी तिला बोलले. माझ्या वस्तू झाडायच्या नाहीत, पुसायच्या नाहीत. ती म्हणाली, "बरं बाय."

११ जानेवारी

नीट क्रमाने लिहिते.

७.४० ला खालच्या शेतात. भाताचे खुंट बाबांनी एका पट्ट्यात काढून दिले होते, मी सांगितलं नव्हतं. अमोलने शेपूट धरलं. वारा अगदी कमी. टाकी भरली. नळीतलं पेट्रोल आज फिकट वाटलं. ऑइलचा डबा नवीन आहे, त्याचा रंगच तसा असेल. इंजिन तिसऱ्या झटक्याला सुरू. जमिनीवर पाच मिनिटं. उड्डाण ७.५८.

पहिली तीन मिनिटं सुंदर. हा शब्द मी सहसा लिहीत नाही.

चौथ्या मिनिटाला आवाज बारीक झाला, चिरकला, आणि थांबला. पातं जागच्या जागी उभं. विमान तसंच तरंगत आणलं, पट्ट्याच्या पुढे खुंटांत उतरलं. पुढचं चाक मोडलं, डाव्या पंखाचं टोक फाटलं. पातं हाताने फिरेना.

अमोल म्हणाला, "च्यायला, उतरवलास पन भारी."

मी त्याला म्हटलं, हे डुप्लिकेट इंजिन कुठून उचललंस. तो म्हणाला तू दिलेल्याच पत्त्यावरून. मी म्हटलं तुझ्यासारख्यांना बघूनच लोक डुप्लिकेट माल देतात. त्याने विमान उचलायला हात लावला. नको म्हटलं. एकटीने घरी आणलं, दोन फेऱ्यांत.

सात दिवस आहेत.

१२ जानेवारी

अर्धी रजा. धनेशने सिलिंडर उघडला. पिस्टनवर उभे चरे. त्याने बोटाने आतून पुसून बोट मला दाखवलं.

"मॅडम, सुका चाललाय."

"शक्य नाही."

"तेलाचा थेंब नाय यात."

"मी स्वतः मोजलंय. एकशे पंचवीस मिली. तू अंदाजाने ओततोस, मी मोजते."

"तुमी मोजलाच असणार," तो म्हणाला. "मी डब्यात काय हाय ते बोलत नाय. हितं काय पोचला ते बोलतो."

मी इंजिनाचे तुकडे पिशवीत भरले आणि निघाले. माझ्या मोजमापावर कोणी बोट ठेवलेलं मला चालत नाही. शब्दशः बोट.

घरी येऊन मात्र तपासलं. डब्यातले दहा थेंब पांढऱ्या कागदावर. पेट्रोल उडून जातं, ऑइल असेल तर डाग राहतो. वीस मिनिटं वाट पाहिली. कागद कोरा.

पातळी रेघेवर, आणि आत साधं पेट्रोल. म्हणजे कोणीतरी माझं मिश्रण काढून घेतलं आणि पकडलं जाऊ नये म्हणून मापात साधं भरून ठेवलं.

आईला विचारलं, डब्याला हात कोणी लावला.

"कमी झालाय का?"

"नाही. तेवढंच आहे."

"मंग?" असं म्हणून ती भाकरीकडे वळली. बाबा उठून बैलांना पाणी दाखवायला गेले. त्यांना दिवसातून पाचव्यांदा पाणी.

या घरात कोणी एका प्रश्नाचं एक उत्तर देत नाही.

अमोलने नोव्हेंबरमध्ये गाडीत टाकायला माझ्याकडून पेट्रोल नेलं होतं. आमच्या ओटीला कुलूप नसतं हे त्याला माहीत आहे. आणि कालपासून तो इकडे फिरकला नाही. साडेसहाला नाक्यावर गेले. तो बाकावर बसला होता, पाचसहा जण भोवती. मी सरळ म्हटलं, "तू माझं पेट्रोल गाडीत घातलंस आणि साधं भरून ठेवलंस. माझी नोकरी घालवलीस. चोर आहेस."

तो उभा राहिला. नेहमीसारखं काही तरी फेकेल असं वाटलं होतं. त्याने चहाचा ग्लास ठेवला आणि गेला.

दोषी माणूस असाच जातो.

१४ जानेवारी

बाईजाकाकू तिळगूळ घेऊन आली, उद्याच्या बारशाचं आमंत्रण द्यायला. मी ओटीवर पंखाचं टोक चिकटवत होते. ती माझ्याजवळच बसली. गुडघा दाबला माझा.

"तुज्या इमानावर आली गो माजी नात."

मला समजलं नाही.

"अगो, म्हशाच्या दिवशी सगळ्या गाड्या जत्रंला. नाक्यावरच्या जीवनची रिक्षा दारात, पन तिच्यात गॅस खडखडाट. पेट्रोलची टाकी बी सुकी. सून वरडतेय. मंग देवकीनं, तुज्या आयनं, तुजा डबा दिला. तुला इचारूनच दिला बरा, फोन लावलान तिनं. रिक्षा असा धूर सोडीत गेली, पन पोचली शहापूरला. डाक्टर बाईसायेब बोलल्या, अर्धा तास उशीर झाला असता तर पोर नसती ऱ्हायली."

मी विचारलं, "आणि डबा?"

"त्याच सांजंला आनून दिलान जीवननं. दुसऱ्याचा भांडा कुनी रिकामा देतो काय? मी बोलली, जीवन, कडोकड भर. तं देवकी बोलली, नको, त्या रेघेला बरोब्बर भर, ना थेंब कमी, ना थेंब जास्त. पोर मोजून बघते."

ती पापा घेऊन गेली. मी ब्रश हातात धरून बसले होते, सरस वाळला.

आई आतून आली तेव्हा विचारलं, सांगितलं का नाहीस.

"तीनदा फोन केला. तू बोललीस पेट्रोलच. बोललीस का नाय?"

"नंतर का नाही सांगितलंस? मी इंजिन उघडलं तेव्हा? हात कोणी लावला विचारलं तेव्हा?"

"तू चोरी झाल्यावानी इचारलंस. चोरी कुठं झालती? जेवढा घेतला तेवढा दिला. वर डबा पुसून दिला." मग म्हणाली, "न् तुला काय सांगायला गेला का तू फोन ठेवतेस. फोन नसला तर त्वांड फिरवतेस."

मी कारखान्यात बिघाडाचं मूळ शोधायला पाच वेळा "का" विचारते. इथे विचारलं. इंजिन का जाम झालं? ऑइल नव्हतं. का? डबा बदलला. का? आईला साधं पेट्रोल वाटलं. का? मी तसं सांगितलं. पाचवा प्रश्न लिहीत नाही.

मला प्रचंड राग आला आहे आणि तो कोणावर काढता येत नाही. बाईजाकाकूवर? जीवनवर, ज्याने थेंब न थेंब परत केला? अकरा दिवसांच्या मुलीवर? एखाद्याने खरंच चोरलं असतं तर बरं झालं असतं.

अमोलला मेसेज लिहिला. पुसला. परत लिहिला, तोही पुसला.

१५ जानेवारी

बारशाला गेले नाही. कामावरून सरळगावला उतरले. धनेशला म्हटलं, ते इंजिन अजून आहे का.

त्याने फळीखालून काढलं. क्लच काढलेला, स्टार्टर काढलेला. पुढे पात्याचा हब बसवलेला, मुरबाडच्या लेथवर कातून आणलेला. मागच्या पाटीची चार भोकं माझ्या मापाची. हब मोजला. चूक अर्ध्या दशांश मिलिमीटरच्या आत.

"हे कधी केलंस?"

"झालाय. रिकामा होतो जरा."

गवताच्या हंगामात तो कधी रिकामा असतो? हे खोटं का बोलला कळलं नाही. विचारलं नाही. तू सांगितलंस ते बरोबर होतं, सुकं चाललं होतं, एवढं म्हटलं. तो म्हणाला, "मंग तुमी कागद लावून बघितला वाटतं." मी हो म्हटलं. त्याने दुकान लवकर बंद केलं आणि मोटारसायकलच्या टाकीवर इंजिन बांधून शेणव्याला आला, बसवायला.

कंपनीला इंजिन बदलल्याचं कळवलं. उत्तर आलं: चालेल. बदलाचं कारण चाचणीनंतर मैदानावर लिहून द्यावं, उमेदवार आणि सहायक दोघांच्या सह्यांनी.

१६ जानेवारी

नवं इंजिन ५८० ग्रॅमने जड. बॅटरी आणि रिसीव्हर २२ सेंटिमीटर मागे सरकवून तोल साधला. इग्निशनची बॅटरी गेली, तेवढं वजन वाचलं. धनेशने हे तेव्हा सांगितलं नव्हतं. मीच लिहिलं होतं, पर्याय दोनमध्ये.

डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: ऑइल मिसळलेलं.

सहायकाचं नाव बदलता येईल का विचारलं. नाही.

आई दुपारी काकाच्या, म्हणजे अमोलच्या घरी गेली होती म्हणे. कशाला ते सांगितलं नाही.

१८ जानेवारी

पाच उमेदवार. चौघांची इंजिनं बाहेरची. एकाने माझं पाहिलं आणि मित्राला म्हणाला, "अरे, माळावरचं गवत कापून देणार बहुतेक." मी ऐकलं. ऐकावं म्हणूनच बोलला.

अमोल ८.५० ला स्वतःच्या गाडीवर आला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "काकूसाठी आलोय." म्हणजे माझ्या आईसाठी. मी म्हटलं, "बरं." माफी मागायची हीच वेळ होती हे मला कळत होतं. मी त्याला हातमोजे दिले.

त्याने शेपूट नीट धरलं, गुडघे टेकून, तोंड बाजूला करून, अगदी सांगितलं तसं. इंजिन दुसऱ्या झटक्याला सुरू. आवाज घरगुती आहे, आमच्याकडच्या कुठल्याही उतारावर डिसेंबरात ऐकू येतो तसा. सुटलं आणि चढलं.

उड्डाण १० मिनिटं ४२ सेकंद. चार आठ, त्यातला तिसरा वाकडा. उतरणं पट्ट्यात, मधल्या रेघेपासून साधारण दीड मीटर डावीकडे. गवत म्हणणाऱ्या मुलाचं इंजिन सातव्या मिनिटाला तापून बंद पडलं. मला आनंद झाला, हेही लिहून ठेवते.

मग कागद. परीक्षक बाईंनी सांगितलं, वीस मिनिटं आहेत. मी लिहिलं:

"डब्यातील इंधन मिश्रण बदलले गेले. उड्डाणापूर्वीची तपासणी राहून गेली. परिणामी मूळ इंजिन जाम झाले."

सही करून अमोलपुढे सरकवला. तो वाचत राहिला. तीन ओळी वाचायला एवढा वेळ लागत नाही.

"हा कोन?" त्याने विचारलं.

"कोण म्हणजे?"

"बदलले गेले. कुनी बदलला? राहून गेली. कुनाची राहिली?"

"रिपोर्ट असेच लिहितात, अमोल."

"हां. मानूस काढून टाकतात." त्याने पेन खाली ठेवलं. "मानूस काढला का जागा रिकामी ऱ्हाते, शीतल. न् त्या जागंशेजारी सही कुनाची? माजी. वाचनारा काय समजंल? नाक्यावर समजले तेच."

"इथे तुला कोण ओळखतं?"

"मी वळखतो मला."

चौदा मिनिटं उरली होती. म्हटलं, आत्ता भांडायची वेळ नाही, सही कर, नाहीतर सगळं जाईल. तो म्हणाला, "जाऊ दे." शांतपणे. मला त्याला ढकलून द्यावंसं वाटलं. तो एका सहीवर माझी चार वर्षं धरून बसला होता, आणि त्याचं बरोबर होतं.

बाईजाकाकूचं नाव लिहू शकत नव्हते. आईचं लिहू शकत नव्हते. उरलेलं नाव एकच होतं. दुसरा कागद मागून घेतला.

"डब्यात ऑइल मिसळलेलं आहे हे मी डब्यावर लिहिलं नाही. घरून विचारलं तेव्हा मी पेट्रोल असल्याचं सांगितलं. एका अडचणीत ते वापरलं गेलं"

तिथे अमोलने बोट ठेवलं. मी "वापरलं गेलं" खोडलं.

"एका बाळंतिणीला दवाखान्यात नेण्यासाठी माझ्या घरच्यांनी ते दिलं. शेजाऱ्यांनी तेवढंच पेट्रोल परत आणून दिलं. मी पातळी मोजली, मिश्रण तपासलं नाही. उड्डाणाआधी रंग फिकट दिसला तरी मी उड्डाण केलं. नंतर मी माझ्या भावावर चोरीचा आळ घेतला, तो खोटा होता. इंजिन माझ्यामुळे जाम झालं."

भावाचं वाक्य रिपोर्टात लागत नाही. तरी लिहिलं. त्याने ते दोनदा वाचलं आणि पूर्ण नावाने सही केली, वडिलांच्या नावासकट.

परीक्षक बाईंनी कागद उभ्यानेच वाचला. "रंग फिकट दिसला हे आठवतंय तुम्हाला?"

"लिहून ठेवलं होतं."

"कधी?"

"त्याच दिवशी."

"म्हणजे लिहिलंत आणि वाचलं नाहीत," त्या म्हणाल्या आणि कागद फाईलमध्ये घातला.

अमोल गाडीला किक मारत होता. मी म्हटलं, थँक्स. तो म्हणाला, "कागद नाशिकला गेला. शेणव्यात कोन वाचनार तो?" आणि गेला.

२२ जानेवारी

पत्र आलं. निवड झाली. २ फेब्रुवारीला रुजू व्हायचं, नाशिक. सहा महिने काम बघणार, मग कायम. पत्रात एक ओळ जास्तीची आहे: प्रत्येक उड्डाणाची नोंद उमेदवाराने स्वतः लिहावी आणि पुढच्या उड्डाणाआधी मोठ्याने वाचावी. ही अट सगळ्यांना असते की मलाच, विचारणार नाही.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "जेवायला कुठं मिळंल तिथं?" मग आत गेली आणि बराच वेळ भांडी घासत होती. सगळी आधीच घासलेली होती. बाबांनी विचारलं, तिथे उडवायला जागा मोठी आहे का. हो म्हटलं. जाता येता धनेशचं दुकान लागायचं, आता लागणार नाही. आज सांगायला उतरले तर म्हणाला, "झालाच पायजे होता," आणि मला पाठ करून कुठलं तरी मशीन खोलत बसला. त्याला काय झालं होतं कोण जाणे.

साडेसहाला नाक्यावर गेले.

बाकावर, पाटावर आणि टपरीला टेकून मिळून नऊ जण. त्या दिवशीचे त्यातले चार. जीवन रिक्षात बसलेला. अमोल टोकाला, मोबाइलमध्ये. मला पाहून मान वर केली नाही.

मी वाक्य घरून तयार करून आणलं होतं. त्यात "गैरसमज झाला" असं होतं. रस्त्यात ते काढलं होतं.

मी म्हटलं, "मी अमोलला इथे चोर म्हटलं. त्याने काही चोरलं नव्हतं. चूक माझी होती."

चहावाल्याने स्टोव्ह बारीक केला. जीवन रिक्षातून बाहेर आला, काहीतरी बोलायला, आणि थांबला. कोणी हसलं नाही. हसले असते तर सोपं गेलं असतं. मला वाटलं झालं, आता वळावं आणि जावं.

अमोलने मोबाइल खिशात टाकला.

"मागं ऐकू नाय आला," तो म्हणाला.

नऊ जण. सगळ्यात मागचा माझ्यापासून चार मीटरवर. ऐकू आलं होतं, त्याला आणि सगळ्यांना. मला त्याचा इतका राग आला की डोळ्यांपुढे टपरीचा पत्रा पांढरा झाला.

मी पुन्हा बोलले. पहिल्या शब्दापासून, मोठ्याने.